पट्टे मारलेली झाडं

गुंडू राऊळ बोलायला लागला की ऐकणाऱ्यानं बसून घ्यावं, कारण तो झाडांबद्दल बोलतो आणि झाडांबद्दल त्याला थोडक्यात काही सांगता येत नाही. माणसांबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटपतो. स्वतःच्या बायकोबद्दल विचारा, "बरी आसा," एवढंच म्हणेल. पण बायकोला पाठवलेल्या ओवळांबद्दल विचारा, म्हणजे शहरातल्या भाषेत बकुळीच्या फुलांबद्दल, मग तुमचा चहा थंड झालाच म्हणून समजा.

हा वेंगुर्ल्याकडचा मनुष्य सत्ताविसाव्या वर्षी बहारीनला आला आणि झल्लाकच्या अलीकडच्या एका बड्या घराच्या बागेत माळी म्हणून लागला, तो तिथंच साठीचा झाला. मधल्या काळात घरी आई गेली, दोन मुली वाढल्या, दोघींची लग्नं झाली. धाकटीच्या लग्नाला त्याला रजा मिळाली नाही. लग्न लागल्यावर बायकोनं, रखमानं, फोन केला, नवरा-नवरीशी बोलणं करून दिलं, आणि मग फोन आपल्या कानाला लावून एवढंच विचारलं, "तुमी खय असतास वो?"

तिला उत्तर नको होतं, हे कुणालाही कळलं असतं. पण गुंडूनं तो प्रश्न खराच धरला. तेव्हापासून दर शुक्रवारी फोनवर तो एकच गोष्ट सांगायचा, की एकदा तिला इथं आणणार. "एकदा तुका हयसर हाडतलंय. एकदा बगशीत, मगे कळतला मी खय होतंय तां." फोटो मात्र त्यानं कधी पाठवले नाहीत. फोटोत झाड दिसतं, त्याला घातलेलं पाणी दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

आणि पाणी हीच तर त्याची कमाई होती.

ते घर म्हणजे एक प्रकरणच आहे. मोत्यांवर मोठ्या झालेल्या एका व्यापाऱ्यानं पाऊणशे वर्षांपूर्वी ते बांधलं. त्याची मुंबईला ये-जा असे. तिथला टाउन हॉल त्याच्या मनात भरला, आणि परत येऊन त्यानं थेट वाळूत तसेच खांब उभे केले. पुढं आठ गोल खांब, वर त्रिकोणी कपाळ, दोन्ही बाजूंना मोजून तितक्याच खिडक्या. समोर दगडी पाट, पाटाच्या दोन्हीकडे हिरवळ, दगडी कुंड्या, आणि पार टोकाला, समुद्राच्या बाजूला, एक पांढरी घुमटी. शिकलेली माणसं याला निओक्लासिकल म्हणतात. कामगार त्याला आठखांबी म्हणत.

गुंडू आला तेव्हा घर जोरात होतं आणि बाग मरायला टेकली होती. विहिरीचं पाणी खारं झालं होतं, हिरवळ जळाली होती. उरली होती ती खजुराची झाडं आणि स्वयंपाकघराच्या अंगाला एक जुनं बोरीच्या जातीचं झाड, ज्याला तिथले लोक सिद्र म्हणतात. गुंडू माडावर चढणारा. खजूर त्याला माडाचाच चुलतभाऊ वाटला. पहिल्याच वर्षी त्यानं बघितलं की पाच-सहा झाडांना फळ धरत नाही, नुसते पांढरे तुरे येतात. फुकट अन्न खाणारी झाडं म्हणून त्यानं ते सगळे तुरे कोयत्यानं छाटून फेकून दिले. ती नराची झाडं होती. त्यांचा पराग हातानं मादीच्या तुऱ्यात झाडावा लागतो, हे माडवाल्याला कोण सांगणार! त्या साली अख्ख्या बागेत बियांशिवायची खुरटी बोंडं लागली. घराची मालकीण, जिला सगळे उम्म हारून म्हणत, खाली उतरली, एक बोंड दातांखाली धरून थुंकली आणि पोट धरून हसली. "खजूर मफी, गुंडू! मफी!" म्हणजे नाहीच. दुसरी कुणी असती तर त्याला परत पाठवला असता. हिनं त्याला ठेवला, वर जे हवं ते लावायची मोकळीकही दिली.

गुंडूच्या आयुष्यातल्या चुका बघितल्या तर सगळ्या अशाच. गावाकडे जे बरोबर, ते त्यानं इथं केलं.

मग त्यानं बाग लावली. घराला बावीस एसी. उन्हाळ्यात प्रत्येकाच्या नळीतून पाणी ठिबकायचं, आणि ते पाणी गोडं. गुंडूनं प्रत्येक नळीखाली बादली ठेवली. पहाटे आणि दुपारी बावीस बादल्या फिरवून तो ते पाणी झाडांच्या आळ्यांत ओतायचा. एसीच्या पाण्यावर त्यानं चिंच जगवली, शेवगा, चिकू, सोनचाफा, अनंत, दोन आंबे जगवले. फणस तीनदा मेला, तेव्हा तो नाद सोडला. रखमानं गावच्या माणसाबरोबर पाठवलेल्या बियांतून ओवळीचं एक रोप रुजलं. ते त्यानं पुढच्या हिरवळीवर, डावीकडून तिसऱ्या खांबासमोर, बावीस पावलांवर लावलं. बावीस एसी म्हणून बावीस पावलं, यापलीकडे त्याला कारण नव्हतं. आठ वर्षांनी ओवळ फुलली. उम्म हारून वाळलेली फुलं उशीत भरून घ्यायची. उरलेली गुंडू गावी जाणाऱ्या कुणाबरोबर तरी पाकिटातून रखमाला पाठवायचा. पाकिटाबरोबर पत्र कधीच नसे.

उम्म हारून गेली आणि तिच्या मुलानं, हारूननं, घर जपायचं ठरवलं. तो वाईट माणूस नाही. त्यानं ते एका कंपनीकडे दिलं, की डागडुजी करून लोकांना बघायला खुलं करा. कंपनीकडून विशाखा आली. पुण्याची, बागांचे आराखडे करणारी इंजिनिअर, तिशीतली, उन्हाची टोपी आणि हातात जुना नकाशा. गुंडूला मराठी बोलणारं माणूस भेटलं, म्हणजे झालंच. तीन दिवस त्यानं तिला एकेक झाड दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधेमधे वहीत लिहिलं, आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "काका, जुन्या नकाशात नसलेली, म्हणजे तुम्ही लावलेली झाडं वेगळी दिसायला हवीत. तेवढ्यांना रंगाचा पट्टा मारून ठेवाल?"

आता इथं थांबून सांगायला हवं. आपल्याकडे हमरस्त्याच्या कडेची झाडं कुणी आठवून बघावीत. बुंध्याला खाली गेरू, वर चुना, पुन्हा गेरू. तो पट्टा असला की झाड सरकारी. त्याची नोंद झाली, नंबर पडला, त्याला आता कुणी कोयता लावायचा नाही. गुंडूच्या गावाकडे पट्ट्याच्या झाडाची फांदी तोडणाऱ्याला लोक ओरडतात. तेव्हा गुंडूला काय वाटलं असेल? एकतीस वर्षांनी आपली झाडं कुणीतरी नोंदीला घेत होतं.

त्यानं विशाखाकडे लाल आणि पांढरा असे दोन रंग मागितले. तिला एकच पुरला असता. तरी तिनं मागवून दिले. गुंडूनं प्रत्येक बुंधा आधी ओल्या फडक्यानं पुसला, सुतळीनं रेघ आखली आणि तीन पट्टे मारले. एक्केचाळीस झाडं. विशाखा एकदा येऊन उभी राहिली.

"काका, इतकं नीट कशाला? नुसती खूण पुरे."

"नीटच मारूक व्हयो, म्याडम. पावसान जाता कामा नये."

"बकुळीलापण मारणार?"

"तिका तर पयलो."

विशाखानं बकुळीकडे बघितलं. मग म्हणाली, "कशासाठी ते कळलंय ना तुम्हाला?"

"कळला तर! आमच्याकडे सरकार मारता," गुंडू हसून म्हणाला. एवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती बोलत बोलत घुमटीकडे गेली. परत येताना तिनं मोबाइलवर त्याचा पाठमोरा फोटो काढला.

शेवटी डब्यात थोडा रंग उरला. टाकून कशाला द्यायचा? गुंडूनं तो सिद्रला मारला. ते झाड त्याचं नव्हतं, त्याच्याआधीच्या कुणा माळ्याचं होतं. त्याला हारूनचा लहानपणचा झोपाळा टांगलेला असायचा. पण राहिलं सुरक्षित तर बरंच, असा त्यानं विचार केला. स्वयंपाकघरामागच्या कढीपत्त्याला मात्र रंग पुरला नाही. गुडघ्याएवढं झुडूप, त्याला कोण सरकार हात लावतंय!

दुसऱ्या आठवड्यात आठखांबीला पत्र्याचं कुंपण पडलं आणि गुंडूची बदली हारूनच्या सनद गावातल्या बंगल्यावर झाली. तिथं आठ कुंड्या आणि एक मांजर. दीड वर्षं तो त्या कुंड्यांना पाणी घालत होता. सनदहून झल्लाक लांब, हातात सुट्टीचा एक शुक्रवार, आणि कुंपणाच्या आत कुणाला सोडत नाहीत म्हणे. विशाखाला त्यानं दोनदा फोन केला. पहिल्यांदा ती म्हणाली, काम चालू आहे काका. दुसऱ्यांदा तिनं उचलला नाही.

साठी झाली, व्हिसा संपत आला, आणि जानेवारीत गुंडूनं आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट केली. रखमाला पंधरा दिवसांच्या व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. बाग दाखवायची, आणि मग दोघांनी मिळून घरी जायचं, कायमचं. हारूनच्या ऑफिसातून घर बघायचे दोन पास आले.

रखमा आली ती पिशवीत एक नारळ घेऊन. परसातल्या माडाचा. आमच्या कोकणात कुठलं काम सुरू करताना, किंवा जागा सोडताना, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण देवाला, जागेला उद्देशून मागणं सांगतो, आणि बाकीचे त्याच्या प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. हे म्हणणारा कुणी नसेल तर गाऱ्हाणं पुरं होत नाही. ओवळीपाशी नारळ ठेवायचा, गुंडूनं गाऱ्हाणं घालायचं, रखमानं हुंकार द्यायचा, असं दोघांचं ठरलं होतं. गावात पुरुषमाणसांत हा हुंकार द्यायला तिला कुणी बोलावलं नसतं. इथं दुसरं होतं कोण?

गावचाच पांडुरंग ड्रायव्हर होता. त्यानं दोघांना आठखांबीच्या फाटकाशी सोडलं आणि तो गाडीत बसून राहिला. रखमानं ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. गुंडूनं मुलीच्या लग्नासाठी शिवलेला आणि लग्नात न घातलेला शर्ट घातला होता. फाटकातून आत गेल्यागेल्या आठ खांब दिसले, दुधासारखे पांढरे. रखमानं तोंडावर हात ठेवला.

"अगो बाये माजे! इतक्या मोठ्या घरात होतास तुमी?"

"घरात नाय गो," गुंडू म्हणाला. "भायर."

हे खरंच होतं. तेहतीस वर्षांत पुढच्या दारानं तो कधी आत गेला नव्हता. आज पास होता म्हणून सुहा नावाच्या तरुण मुलीनं हसून दार उघडलं. ती तिथलीच, लोकांना घर दाखवायचं काम करणारी. बाग शेवटी दाखवतात, ती म्हणाली, आधी घर. गुंडूला धीर नव्हता, पण पाहुण्यासारखं वागायचं तर पाहुण्याच्या क्रमानं जायला हवं. संगमरवरी जिना, मोती तोलायच्या तागड्या, छतावरची पानाफुलांची नक्षी. रखमा सगळ्याला हात जोडत चालली होती. वरच्या दिवाणखान्यात मधोमध एक उंच खिडकी होती. सुहानं पडदा सारला.

खाली हिरवंगार होतं. खांबांपासून पाटापर्यंत, पाटापासून घुमटीपर्यंत, आणि तिच्यामागे समुद्र. मधे काही नव्हतं. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या कातरलेल्या कुंपणाच्या सरळ रेघा आणि खजूर. जुन्या नकाशात होतं तसं.

"केवढां मोकळां!" रखमा म्हणाली. तिला आवडलं होतं.

गुंडू डावीकडून तिसरा खांब शोधत होता. वरून खांब दिसत नव्हते. आपण चुकीच्या खिडकीशी उभे आहोत, ओवळ पलीकडच्या अंगाला असेल, असं त्याला वाटलं. मग चिंच? तेवढी चिंच कुठल्याही खिडकीतून दिसली असती. चिंचही नव्हती. पण अजून त्यानं स्वतःशी कबूल केलं नाही.

शेवटच्या खोलीत भिंतीवर डागडुजीचे फोटो होते. गिलाव्याचे, खांबांचे, मोडक्या पाटाचे. आणि एक मोठा, काचेच्या मागे, दिव्याखाली. बुंध्यासमोर उकिडवा बसलेला पाठमोरा माणूस, हातात ब्रश, शेजारी लाल आणि पांढरा डबा.

"अवो!" रखमा ओरडलीच. "ह्ये तुमी! पाठीवरसून वळखलंय मी!" तिनं फोटोला हात लावायला बोट पुढं केलं, मग काच बघून मागं घेतलं. एवढ्या मोठ्या घरात, दिव्याखाली, आपला नवरा! तेहतीस वर्षांत पहिल्यांदा तिला त्याचा असा अभिमान वाटला असेल. तिनं सुहाचा हात धरला. फोटोखालच्या इंग्रजी-अरबी ओळीकडे बोट केलं, आणि सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत विचारलं, "ये मेरा मालक. क्या लिखा है?"

फोटोतला माळी हाच, हे सुहाला ठाऊक नव्हतं. तिनं कौतुकानं गुंडूकडे बघितलं. मग इथल्या सगळ्यांना येते तशा मोडक्या हिंदीत, एकेक शब्द सावकाश करून, तिनं वाचून सांगितलं. "ये माली. जो पेड़ पुराना नक्शा में नहीं था, बाद में लगाया, वो सब पे ये निशान लगाया. फिर सब पेड़ निकाल दिया. खलास. अभी बाग पहले जैसा है." आणि तिला वाटलं काहीतरी राहिलं, म्हणून ती पुढं म्हणाली, "बहुत अच्छा काम किया."

रखमाला हिंदी फार येत नाही. पण एवढी येते.

गुंडूला वाईट वाटलं, असं लिहिणं म्हणजे त्याची थट्टा होईल. त्याच्या मनात पहिल्यांदा आलं ते सिद्रचं झाड. ओवळ, चिंच, चाफा, ती निदान त्याचीच होती, त्याच्याच हातानं गेली. पण त्या बोरीचं काय? ती तर जुन्या नकाशातही असेल. केवळ रंग उरला म्हणून त्यानं तिला मारलं होतं. विशाखा फोन का उचलत नव्हती, तेही आता कळलं. तिला कळलं असेल, कधीतरी, उशिरानं. किंवा तेव्हाच कळलं असेल. गुंडूला तिचा राग आणता येईना. विचारलं होतं तिनं. कशासाठी ते कळलंय ना, म्हणून विचारलं होतं.

तो जिना उतरला आणि सवयीनं मागच्या दारानं बाहेर पडला. एसीच्या नळ्या आता भिंतीत गाडल्या होत्या, बादली ठेवायला जागा उरली नव्हती. सिद्र होता तिथं तिकिटाची खोली होती. स्वयंपाकघरामागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, कढीपत्ता होता. कमरेएवढा झाला होता. पट्टा मारलेलं एकही राहिलं नव्हतं, आणि ज्याला रंग पुरला नाही ते हे झुडूप तेवढं पानांनी गच्च भरलं होतं. गुंडूनं त्याच्याकडे बघितलं नाही.

रखमा मागोमाग येत होती. दोघं घराला वळसा घालून पुढं आली. गुंडू डावीकडून तिसऱ्या खांबाला पाठ लावून उभा राहिला आणि चालायला लागला. एक, दोन, तीन. बाविसाव्या पावलाला थांबला.

"हयसर," तो म्हणाला.

तिथं गवत होतं. रखमा खाली वाकली, तिनं मुठीत गवत धरून ओढलं, मग दोन बोटांत चोळून बघितलं. आयुष्यभर गवत कापलेली बाई. ते प्लास्टिकचं होतं.

"ह्याका पानी लागना नाय," ती म्हणाली.

"नाय."

तिनं पिशवीतून नारळ काढला. शेंडी वर करून, गुंडूनं दाखवलेल्या जागी ठेवला. तो कलंडला, म्हणून तिनं चप्पल काढली आणि पायाचा टेकू देऊन तो उभा केला. डोक्यावरून पदर घेतला. दूर पाटापाशी काही पाहुणे फोटो काढत होते, त्यांच्यातल्या एकानं वळून बघितलं.

"गाऱ्हाणां घाला," रखमा म्हणाली.

गुंडूनं हात जोडले. हे त्याला लहानपणापासून येत होतं. झोपेतून उठवला तरी त्यानं घातलं असतं. बा देवा म्हाराजा, इथून सुरुवात होते. मग जागेचं नाव घ्यायचं, राखणदाराचं नाव घ्यायचं, आणि मागायचं. ही झाडं राख. हे पाणी गोडं राहू दे. तेहतीस वर्षांची चाकरी मान्य करून घे, काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला.

आणि पुढं त्याला काही आलं नाही. काय राखायला सांगायचं? मागून घ्यायला इथं काही उरलं नव्हतं, आणि चुकलंमाकलं म्हणायला लागला तर संध्याकाळ झाली असती. तो तसाच उभा राहिला, प्लास्टिकच्या हिरवळीवर, हात जोडून, खाली मान घालून.

रखमानं वाट बघितली. बराच वेळ बघितली. तिचा पाय नारळाला टेकून अवघडला होता. मग तिनं आपलं काम केलं.

"व्हय म्हाराजा," ती म्हणाली.